पारावरचा पंच

'पंच' हा आपल्या भाषेतील मोठा जुना आणि वजनदार शब्द आहे. गावातील तंट्याचा निवाडा करण्यासाठी पूर्वी पाच जाणती माणसे बसत, त्यांस पंच म्हणत. आणि आज कबड्डीच्या मैदानावर जो एकटा शिट्टी घेऊन उभा राहतो, त्यासही आपण पंचच म्हणतो. पाचांचे काम एकावर येऊन पडले, तरी नाव मात्र पाचांचेच राहिले. 'पंचामुखी परमेश्वर' ही म्हण त्या नावाबरोबरच त्याच्या शिरावर येऊन बसते. आणि तिचे ओझे किती असते, हे ज्याने एकदा तरी शिट्टी हातात धरली आहे त्यासच ठाऊक!

परंतु या लेखात आम्हांस मैदानावरील पंचाविषयी लिहावयाचे नाही. खेळणाऱ्यांसाठी नियमांचे पुस्तक असते, रेषा आखलेल्या असतात, वेळ ठरलेली असते. मैदानाबाहेर बसून खेळाविषयी बोलणारे जे असंख्य लोक असतात, त्यांच्यासाठी मात्र पुस्तकही नसते आणि रेषाही नसते. वस्तुतः खेळाडू सामना संपला की हस्तांदोलन करून आपापल्या घरी जातात. मागे भांडण उरते ते प्रेक्षकांचे. मैदानावरील चेंडूने जेवढी डोकी फुटली नसतील, त्याहून अधिक मने पारावरील शब्दांनी फुटली आहेत. तेव्हा या बोलणाऱ्यांच्या मेळाव्यास पंच असावा की नसावा, असल्यास त्याने कसे वागावे, आणि न्याय म्हणजे तेथे नेमके काय, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी व त्यांच्या पालकांनी विचारात घेण्याजोगा आहे. तो आम्हांस पुस्तकात भेटला नाही. तो आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीतून भेटला.

ज्या भागात आपण राहतो तो भागच मुळी दोन बाजूंचा आहे. पांढुर्णा आणि सौसर हे तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते; २०२३ साली ते दोन्ही मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर आणि विदर्भातील इतर जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपला जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. राजधानी नागपूर होती, ती भोपाळ झाली. कचेरीचा कागद हिंदीत आला, घरातील ओवी मराठीत राहिली. पांढुर्ण्याहून रेल्वेत बसावे तर दोन तासांच्या आत नागपूर येते. सौसरहून सडकेने तर ते त्याहूनही जवळ. संत्र्यांची गाडी नागपुरास जाते, लेक नागपूरकडे दिलेली असते, आजाऱ्यास नागपुरास नेतात. परंतु परीक्षेचे प्रमाणपत्र आणि सातबाऱ्यासारखा जमिनीचा कागद मिळतो तो मध्य प्रदेशचा. अशा ठिकाणी रणजी करंडकात विदर्भ आणि मध्य प्रदेश समोरासमोर आले, म्हणजे एकाच ताटात जेवणारे दोघे भाऊ दोन पक्षांत विभागले जातात, हे सांगावयास नकोच.

खरे पाहता आपले क्रिकेटचे मोठेपण दोन्हीकडचे आहे. १९३२ साली लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व करणारे कर्नल सी. के. नायडू जन्माने नागपूरचे. आणि होळकर संघाचे कर्णधार म्हणून त्यांनी कीर्ती मिळविली ती इंदूरास. अलीकडचे उदाहरण घ्यावयाचे तर चंद्रकांत पंडित यांचे घ्यावे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. आणि पुढे त्यांच्याच मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशने जून २०२२ मध्ये बंगळुरास मुंबईचा पराभव करून तो करंडक प्रथमच पटकावला. गुरू एकच, शिष्य दोन. मग पारावर बसणाऱ्यांनी एकमेकांची तोंडे का पाहू नयेत? पण मनुष्यस्वभाव असा की, जेथे नाते जवळचे तेथेच टोमणा अधिक खोल जातो.

आमच्या गावात पिंपळाखाली एक पार आहे. सायंकाळी बागेतून, दुकानातून, शाळेतून मंडळी परत आली की तेथे वीसपंचवीस जण जमतात. कोणाच्या हातातील मोबाईलवर धावसंख्या असते, तर एक जुना फळा पिंपळास टेकून ठेवलेला असतो, त्यावर ती खडूने लिहिली जाते. शिक्षक म्हणून मंडळींनी आम्हांस तेथील पंचपद दिले होते. म्हणजे कोणी कोणानंतर बोलावे, आणि कोणी गप्प बसावे, हे आम्ही सांगावयाचे.

मार्च २०२४ मध्ये नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर विदर्भ आणि मध्य प्रदेश यांचा उपांत्य सामना झाला. विदर्भाचा पहिला डाव १७० धावांत आटोपला. मध्य प्रदेशने २५२ करून ८२ धावांची आघाडी घेतली. त्या सायंकाळी पारावरील मध्य प्रदेशचे पाठीराखे, जे संख्येने अवघे चार-पाच, ते मोठ्या डौलात होते. परंतु दुसऱ्या डावात यश राठोडने १४१ धावा काढल्या, विदर्भाची संख्या ४०२ पर्यंत गेली, आणि ३२१ धावांचे लक्ष्य पुढे असताना मध्य प्रदेशचा डाव २५८ वर संपला. विदर्भ ६२ धावांनी विजयी झाला. आमचे स्वतःचे शिक्षण नागपुरास झालेले. आमचे मन कोणत्या बाजूस होते हे वाचकांनी ओळखलेच असेल.

त्या संध्याकाळी नववीतील एक विद्यार्थी, जो पाचही दिवस मध्य प्रदेशची बाजू नेटाने मांडीत होता, म्हणाला की, पहिल्या डावात आघाडी मिळवूनही संघ हरला, याचे कारण तो शेवटच्या दिवशी घाबरला. यावर विदर्भाच्या पक्षातील एक प्रौढ गृहस्थ उद्गारले, "तुझी हिंदी ना हिंदी, तुझी मराठी ना मराठी, तुला घाबरणे कोणत्या भाषेत कळते?" सारा पार हसला. आम्हीही हसलो. मुलगा लाल झाला, आणि त्याने त्या गृहस्थांस एक अपशब्द उच्चारला. आम्ही तत्काळ उभे राहिलो आणि त्यास म्हणालो, "वडीलधाऱ्यांशी असे बोलतोस? ऊठ, चालता हो. पुन्हा पारावर यायचे नाही."

तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी आला नाही. चौथ्या दिवशी वर्गात त्याची वही तपासताना आम्हांस सहज वाटले की, त्या दिवशीची दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून पाहावी. लिहिली. मुलाचा शब्द अशिष्ट होता, यात शंका नाही. परंतु गृहस्थांचे वाक्य अधिक विषारी होते. अपशब्द क्षणाचा असतो, तो उच्चारणाऱ्याचीच अप्रतिष्ठा करतो. भाषेवरील टोमणा मात्र त्या मुलाच्या घरावर, आईवर, साऱ्या जन्मावर होता. आणि ज्या भागात घरोघरी दोन भाषा नांदतात तेथे तो कोणावरही उलटू शकला असता. मुलास शिक्षा झाली आणि गृहस्थांस हशा मिळाला. 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण आम्ही वर्गात कितीदा तरी शिकविली होती. ती आमच्याच कपाळावर लिहिलेली आहे, हे त्या दिवशी कळले.

आम्ही त्याच्या घरी गेलो. वडील अंगणात संत्र्यांची वर्गवारी करीत होते. त्यांनी बसावयास खाट दिली आणि शांतपणे म्हणाले, "पोराले राग नाही आला जी गुरुजी, त्याले एकच गोष्ट इचाराची हाय." मुलगा दारात उभा राहिला. त्याने विचारले, "सर, मी जो नियम मोडला, तो कुठे लिहिला होता?"

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. पारावर नियम नव्हताच. आमची मर्जी हाच नियम होता. पुढील रविवारी आम्ही पारावर सर्वांसमोर आपली चूक कबूल केली, आणि त्या मुलास बोलावून, दोन्ही पक्षांचे दोन-दोन जण घेऊन, फळ्याच्या वरच्या भागात पाच नियम लिहिले. ते नियम का लिहिले आणि ते कसे चालतात, हे सांगणे हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे.

पहिला नियम असा : बोलावे ते खेळावर, बोलणाऱ्याच्या भाषेवर, जातीवर, गावावर, घरावर नव्हे. पक्षपाती असणे हा दोष नाही, हे येथे प्रथम ध्यानात घ्यावे. ज्यास कोणतीच बाजू नाही तो सामना पाहील कशाला? पाठीराखा हा पक्ष घेणारच, आणि विरुद्ध संघावर कडक टीकाही करणारच. ती बंद पाडणे म्हणजे पारच बंद पाडणे होय. पण टीका खेळावर आहे की माणसावर, हे ओळखावे कसे? आम्ही एक सोपी कसोटी ठरविली. ज्या वाक्याचे खरेखोटेपण धावफलकावरून किंवा सामन्याच्या चित्रणावरून पडताळता येते, ते वाक्य खेळावरचे. 'तो घाबरला' असे कोणी म्हटले, तर पंचाने विचारावे, 'कोणत्या चेंडूवर?' उत्तर देता आले तर ती टीका. न आले तर ती नुसतीच चिखलफेक. 'पंचाने पैसे खाल्ले' हे वाक्यही याच कसोटीवर घासावे. जे आपणांस माहीत नाही ते माहीत असल्यासारखे सांगणे हा सर्वांत मोठा अपराध समजावा. 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' हे पारावर चालणार नाही.

जन्मावरून बाजू पाडण्याचा परिणाम काय होतो, हे क्रिकेटच्याच इतिहासात पाहावयास मिळते. मुंबईत पूर्वी जे मोठे सामने होत, त्यांतील संघ धर्मावरून बनलेले असत. १९१२ साली त्यांत चार संघ झाले, १९३७ साली पाच झाले. खेळ उत्तम होता, गर्दी अफाट होती. पण पाठीराखे खेळास टाळी देत आहेत की आपल्या धर्मास, हे सांगणे कठीण होऊन बसले. महात्मा गांधींनी १९४० साली या सामन्यांविषयी नापसंती व्यक्त केली, आणि १९४६ नंतर ते बंद झाले. संघाची निवड मनुष्य स्वतः करू शकतो आणि बदलूही शकतो. जन्म बदलता येत नाही. म्हणून संघावरील वाद हसत मिटतो, आणि जन्मावरील वाद पिढ्यान्‌पिढ्या मिटत नाही.

दुसरा नियम : नियम आधी, सामना नंतर. भांडण पेटल्यावर जो नियम सांगितला जातो, तो नियम नसून शस्त्र असते. आपले देशी खेळही नियम लिहिले गेल्यावरच गावाच्या शिवेबाहेर पडले. खो-खो आपल्याकडे पूर्वीपासून खेळला जात होता. १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधले, तेव्हा या गावचा संघ त्या गावी जाऊन खेळू लागला. नियम थोडे असावेत, फळ्यावर मावतील इतके; आणि लहान मुलासही वाचता येतील अशा शब्दांत असावेत. जो नियम लिहिलेला नाही, त्याबद्दल शिक्षा नाही. एखादी नवी आगळीक घडली, तर त्या दिवशी केवळ समज द्यावी, आणि सर्वांच्या संमतीने दुसऱ्या दिवसापासून नियम वाढवावा.

तिसरा नियम : दोन्ही बाजूंस एकच माप. हा नियम सर्वांस मान्य असतो आणि सर्वांकडून मोडला जातो, कारण मोडताना तो मोडत आहे हे कळत नाही. आपल्या बाजूचा उद्धटपणा आपणांस बाणेदारपणा वाटतो, आणि परक्याचा बाणेदारपणा उद्धटपणा वाटतो. यावर आम्हांस सापडलेला उपाय म्हणजे वाक्य उलटून वाचणे. 'विदर्भ'च्या जागी 'मध्य प्रदेश' घालावे, बोलणाऱ्याच्या जागी ऐकणारा घालावा, आणि मग निर्णय तोच राहतो का ते पाहावे. न राहिल्यास दोष वाक्याचा नसून आपल्या कानाचा आहे, असे समजावे. त्या दिवशी मुलाने गृहस्थांच्या भाषेची थट्टा केली असती, तर आम्ही हसलो असतो का? मुळीच नाही.

पंचाने आपली बाजू लपवावी का? आमचे मत असे की, लपवू नये; लपविलेली बाजू उघड बाजूपेक्षा अधिक घात करते. क्रिकेटच्या जगासही हे शिकावे लागले. कसोटी सामन्यात यजमान देशाचेच दोन्ही पंच असावयाचे, ही पद्धत फार वर्षे चालली, आणि पाहुणे संघ कुरकुर करीतच राहिले. १९८६ साली पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातील लाहोरच्या कसोटीसाठी पाकिस्तानने दोन भारतीय पंचांस बोलाविले : मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि व्ही. के. रामस्वामी. भारताचे पंच लाहोरात उभे राहतात, आणि दोन्ही संघ त्यांचा निर्णय मानतात, ही घटना लहान नव्हे. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ देशांचे असावेत असा प्रघात पडला. पूर्वीचे सारे पंच लबाड होते असा याचा अर्थ नाही. न्याय नुसता असून भागत नाही, तो हरणाऱ्यास दिसावाही लागतो, एवढाच त्याचा अर्थ. पारावर त्रयस्थ मनुष्य मिळणे कठीण. म्हणून आम्ही असे ठरविले की, तक्रार आल्यास दोन्ही पक्षांतील एकेकाने मिळून निर्णय द्यावा, आणि दोघांचे एकमत न झाल्यास संशयाचा फायदा, फलंदाजास मिळतो तसा, बोलणाऱ्यास मिळावा.

याच नियमात आणखी एक गोष्ट येते. ज्या बाजूस माणसे अधिक, त्या बाजूचा आवाज मोठा असतो. परंतु मोठा आवाज म्हणजे मोठा अधिकार नव्हे. म्हणून बोलण्याची पाळी माणसांच्या संख्येवर न देता बाजूंच्या क्रमाने द्यावी : एकदा यांचा, एकदा त्यांचा. चारजणांचा पक्ष वीसजणांसमोर गप्प बसला, तर पारावर शांतता नांदते खरी, पण ती न्यायाची शांतता नव्हे.

चौथा नियम शिक्षेचा : आधी ताकीद, मग त्या सायंकाळपुरते मौन, आणि तरीही न ऐकल्यास सात दिवसांची रजा. प्रत्येक पायरीवर कारण सांगावयाचे आणि मुदत सांगावयाची. फुटबॉलच्या मैदानावर पिवळे आणि लाल पत्रक आज लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु विश्वचषकात ते प्रथम आले १९७० साली, मेक्सिकोत. त्यापूर्वी खेळाडूस ताकीद मिळाली की नाही, हे कधीकधी त्या खेळाडूसही कळत नसे. केन ॲस्टन या इंग्रज पंचास चौकातील वाहतुकीचे दिवे पाहून ही कल्पना सुचली : पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे थांब. भाषा न कळणाऱ्यासही रंग कळतो. आपल्या कबड्डीतही आज हिरवे, पिवळे आणि लाल अशी तीन पत्रके आहेत. शिक्षेची पायरी दिसू लागली की मनुष्य स्वतःच दुसऱ्या पायरीवर थांबतो. आम्ही त्या मुलास एकदम शेवटच्या पायरीवरून खाली ढकलले होते, आणि 'पुन्हा यायचे नाही' असे सांगून मुदतही ठेवली नव्हती. मुदत नसलेली शिक्षा सुधारण्यास जागाच ठेवीत नाही.

शिक्षा ज्याची त्यासच व्हावी, हेही येथेच सांगणे अवश्य आहे. फेब्रुवारी १९९९ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत आणि पाकिस्तान यांच्यातील कसोटीत सचिन तेंडुलकर शोएब अख्तरशी टक्कर होऊन धावबाद झाला, आणि प्रेक्षक खवळले. दंगा एवढा वाढला की शेवटच्या दिवशी सारे प्रेक्षागृह रिकामे करावे लागले, आणि सामना ओस पडलेल्या बाकांसमोर संपला. बाटल्या फेकणारे काही, बाहेर जावे लागले सर्वांस. सुक्याबरोबर ओलेही जळाले. कदाचित त्या घटकेस दुसरा उपाय नसेल. पण प्रसंग तेथवर येणे हाच व्यवस्थेचा पराभव होय. त्याच दौऱ्यात काही दिवसांपूर्वी चेन्नईस पाकिस्तान अवघ्या १२ धावांनी जिंकले होते. सचिनची १३६ धावांची झुंज वाया गेली होती, सारे मैदान हळहळत होते. आणि तरीही प्रेक्षक उभे राहिले, त्यांनी विजयी पाकिस्तानी संघास टाळ्या दिल्या, आणि त्या संघाने मैदानाला फेरी घालून त्या टाळ्या स्वीकारल्या. देश एकच, दौरा एकच, दुःखही सारखेच. मग वर्तन निराळे का? पाठीराख्याचा राग अटळ नसतो, तो सवयीवर अवलंबून असतो, एवढे तरी यावरून दिसते.

पाचवा नियम : निर्णयावर दाद मागता यावी, आणि पंच दर महिन्यास बदलावा. पंचाने आपला निर्णय फिरविला तर त्याचा मान जातो, अशी एक जुनी समजूत आहे. परंतु क्रिकेटमध्ये २००८ साली भारत आणि श्रीलंका यांच्या कसोटी मालिकेत खेळाडूंस प्रथमच पंचाच्या निर्णयाची फेरतपासणी मागण्याची मुभा मिळाली, आणि आज पंच साऱ्या जगासमोर आपलाच निर्णय रद्द केल्याची खूण करतो. त्यामुळे त्याचा मान गेला नाही, उलट विश्वास वाढला. आणि जेथे यंत्र नव्हते, तेथेही हे घडले आहे. १९८० साली वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत बॉब टेलरला पंचाने बाद दिले. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत गेले होते, सामना हाती येत होता. परंतु चेंडू बॅटीस लागला नाही असे वाटल्यावरून कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यांनी टेलरला परत बोलाविले. पुढे टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली, आणि भारत तो सामना हरला. सामना गेला, पण त्या सामन्यातील धावा विसरलेले लोकही विश्वनाथांचे ते बोलावणे विसरलेले नाहीत.

आता कोणी म्हणेल, एवढे नियम करून काय साधते? लोक ऐकतात थोडेच! हा आक्षेप आपल्या भागात तरी हसण्यावारी नेता येत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यास जाम नदीवर गोटमार होते, हे वाचकांस ठाऊक आहेच. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. आणि दिवसभर दगडांचा वर्षाव चालतो. दोन गावांतील एका प्रेमी युगुलाची कथा तिच्यामागे सांगितली जाते. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, कित्येकांचे प्राणही गेले आहेत. शासनाने मनाईहुकूम काढले, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. परंतु दगड थांबले नाहीत.

यातून दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. एक अशी की, वरून आलेला आणि पाळला न जाणारा नियम हा नियम नसण्याहून वाईट. कारण तो नियम मोडण्याची सवय लावतो. आणि दुसरी अशी की, त्या भयंकर दिवसासही स्वतःची अशी एक मर्यादा आहे. सूर्य मावळतीस आला की खेळ थांबतो, झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो, आणि ज्यांनी सकाळी दगड मारले तेच दुसऱ्या दिवशी बाजारात एकमेकांस भाव विचारतात. ही संध्याकाळची मर्यादा कोणा अधिकाऱ्याने घातलेली नाही. दोन्ही तीरांनी मिळून मानलेली आहे, म्हणूनच ती पाळली जाते. दोन्ही तीर मिळून जर संध्याकाळ ठरवू शकतात, तर एक दिवस दगडाऐवजी काय उचलावे हेही तेच ठरवू शकतील, अशी आशा आम्ही बाळगतो. पारावरचे शब्दही दगडच असतात. ते हातात घेण्यापूर्वीच दोन्ही बाजूंनी मर्यादा मान्य केली पाहिजे.

आमच्या पारावरील नियम यशस्वी झाले का, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर एका प्रसंगाने देतो. २०२५ च्या आरंभी रणजी करंडकाचा अंतिम सामना नागपुरास विदर्भ आणि केरळ यांच्यात झाला. विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९ धावा झाल्या, केरळच्या ३४२. सामना अनिर्णित राहिला, आणि ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भास मिळाला. त्या महिन्यात पारावरचे पंचपद त्याच मुलाकडे होते. आता तो दहावीत होता. मध्य प्रदेशच्या पक्षातील एक वृद्ध शेतकरी म्हणाले की, आघाडीवर मिळालेला करंडक हा काही खरा विजय नव्हे. आम्ही आनंदाच्या भरात बोलून गेलो, "ज्यांस साधी वजाबाकी येत नाही, त्यांनी करंडकाचा हिशेब करू नये!" पार हसला.

मुलगा हसला नाही. तो फळ्यापाशी गेला, पहिल्या नियमाखाली त्याने खडूने एक रेघ ओढली, आणि म्हणाला, "सर, हे खेळावर नाही, माणसावर आहे. ही ताकीद."

क्षणभर कोणी बोलेना. विद्यार्थ्याने शिक्षकास ताकीद द्यावी की नाही, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. आम्ही मनातल्या मनात वाक्य उलटून वाचले : तेच वाक्य त्या वृद्धांनी आमच्याविषयी उच्चारले असते तर? मग आम्ही त्यांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "वजाबाकी येते जी गुरुजी, सदतीस होते." यावर पुन्हा सारा पार हसला, आणि या वेळी ते स्वतःही हसले.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांपैकी थोडेच जण मोठे खेळाडू होतील, आणि त्याहूनही थोडे पंच होतील. परंतु पाठीराखे तुम्ही सर्वच होणार आहात. मंडळात, वर्गात, वसतिगृहात, पुढे कचेरीत आणि पंचायतीतही दोन बाजू पडतील, आणि कोणी ना कोणी तुमच्या हाती खडू देईल. त्या वेळी एवढेच करा : नियम आधी लिहा, वाक्य उलटून वाचा, आणि पहिली रेघ ओढताना ती आपल्याही नावाखाली ओढता येईल का, ते पाहा.